गोड पाणी, खारे पाणी आणि चोडणचा बांध

गोव्याला जायचे म्हटले की आपल्या घरांत हमखास दोन मते पडतात. मुलांना जायचे असते. वडीलधारी मंडळी म्हणतात, "तिथे आपल्यासारख्यांनी पाहायचे तरी काय?" त्यांचे म्हणणे अगदीच उडवून लावता येत नाही. पणजीच्या धक्क्यावर संध्याकाळी उभे राहिले की मांडवीत नांगरलेली कॅसिनोची जहाजे दिव्यांनी झगमगताना दिसतात, आणि बायकामुलांना घेऊन आलेला माणूस नकळत पाठ फिरवतो. पण पाठ फिरवून नदीच्या वरच्या अंगाला चार-पाच किलोमीटर गेले की त्याच मांडवीत एक बेट लागते. तिथे भाताची खाचरे आहेत, कांदळवन आहे, बगळे आणि मगरी आहेत, आणि या सगळ्याचा सांभाळ करणारा एक मातीचा बांध आहे. या बेटाचे नाव चोडण. पोर्तुगीज वळणाने त्याला शोरांव म्हणतात, पाट्यांवर कधी चोराव असेही दिसते. या महिन्याच्या सफरीला आम्ही तिथे गेलो.

तिसवाडी तालुका हा मुळात पाण्याने वेढलेलाच. मांडवी समुद्राला मिळण्याआधी पसरते, तिला फाटे फुटतात आणि मध्ये बेटे राहतात: चोडण, दिवाडी, कुंभारजुवे आणि आणखी लहान-लहान. चोडणच्या पश्चिम टोकाला म्हापसा नदी मांडवीला मिळते. समुद्र इथून जवळच असल्याने भरतीचे खारे पाणी दिवसातून दोनदा बेटाभोवती चढते आणि दोनदा उतरते. वरून येणारे पाणी गोड, खालून चढणारे खारे. पवित्र कुरआनात सूरह फुर्कानमध्ये गोड आणि खाऱ्या अशा दोन पाण्यांचा आणि त्यांच्यामध्ये ठेवलेल्या आडोशाचा उल्लेख आहे, तो आपल्यापैकी अनेकांनी वाचला असेल. चोडणला गेल्यावर त्या उल्लेखाची आठवण होणारच, कारण तिथल्या माणसांचे सारे जगणे या दोन पाण्यांच्या मध्ये आडोसा उभा करण्यात गेले आहे.

पणजीहून रायबंदरला जाणारा रस्ताही पाहण्यासारखा. सतराव्या शतकात पोर्तुगिजांनी दलदलीतून बांधलेला हा लांबलचक सेतू आजही वाहतूक सोसतो आहे. बाजूला मिठागरे आणि कांदळवन. रायबंदरच्या धक्क्यावरून चोडणला फेरीबोट सुटते. पायी जाणाऱ्याला पैसे पडत नाहीत. गाड्या, मोटारसायकली, शाळेची मुले, भाजीच्या पाट्या, सगळे एकाच फळीवर. पाच-दहा मिनिटांत पलीकडे.

उतरल्यावर जवळच अभयारण्याचे फाटक आहे. डॉ. सालिम अली पक्षी अभयारण्य. क्षेत्र अवघे १.७८ चौरस किलोमीटर, म्हणजे एखाद्या मध्यम गावच्या शिवारापेक्षाही लहान. ते १९८८ साली घोषित झाले, सालिम अलींच्या निधनानंतरच्या वर्षी. त्यांचा गोव्याशी संबंध केवळ पाटीवरच्या नावापुरता नव्हता. रॉबर्ट ग्रब यांच्यासह त्यांनी गोव्याच्या पक्ष्यांवर लिहिलेला लेख १९७६ साली बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीच्या नियतकालिकात आला होता.

फाटकातून आत गेले की पायवाट थेट कांदळवनात शिरते. ओहोटीला चिखल उघडा पडतो आणि त्यातून शेकडो बोटे वर आलेली दिसतात. ही तिवराची श्वसनमुळे. चिखलात हवा नसते, म्हणून झाड मुळेच वर काढते. तिवराच्या पानाला हात लावला तर खरखरीत लागतो, कारण झाडाने शोषलेले मीठ पानावाटे बाहेर टाकलेले असते. आमच्या मुलांनी ते लगेच चाटून पाहिले. नावाड्याने मात्र बजावले, दिसेल त्या पानाशी असा खेळ करायचा नाही. कांदळवनात एक झाड असे आहे की त्याचा पांढरा चीक डोळ्यात गेला तर डोळ्याला अपाय होतो. ते झाड ओळखता येत नसेल तर पाने तोडायच्या भानगडीत पडू नये हे उत्तम.

चिखलात निवट्या उड्या मारत होत्या. पाण्याबाहेर राहणारा, छातीजवळच्या परांच्या आधाराने सरपटणारा हा मासा मुलांना फार आवडला. अम्मींना त्यात नवल काहीच नव्हते. कोकणातल्या माणसाला निवटी म्हणजे कालवण. एक नांगी अंगाएवढी मोठी असलेले बारीक खेकडे ती नांगी वर-खाली हलवत होते, जणू कोणी सलाम करतो आहे. नांगी फक्त नराची मोठी असते. मग ओघाने विषय निघालाच: कोळंबी चालते, मग खेकडा चालतो का? शाफई काय म्हणतात, हनफी काय म्हणतात? हा वाद आपल्या दस्तरख्वानावर पिढ्यान्‌पिढ्या चालत आला आहे. तो चिखलात उभे राहून मिटणार नव्हता, पण त्यावरून सालिम अलींची एक गोष्ट मुलांना सांगता आली.

सालिम अलींचा जन्म १२ नोव्हेंबर १८९६ चा, मुंबईतल्या सुलेमानी बोहरा कुटुंबातला. भावंडांत सर्वांत धाकटे. आईवडिलांचे छत्र फार लवकर गेले आणि मामा अमीरुद्दीन तय्यबजी व मामी हमीदा बेगम यांनी खेतवाडीतल्या घरात त्यांना वाढवले. मामा शिकारीचे शौकीन. मुलाच्या हाती छऱ्याची बंदूक आली. साधारण दहा वर्षांचा असताना त्याने एक चिमणी पाडली. चिमण्या खायच्या, हे घरात ठाऊक होते. पण या चिमणीच्या गळ्यावर पिवळा डाग होता. ही नेहमीची चिमणी नाही, मग ही आपल्याला खायला जायज आहे की नाही? मुलगा अडला आणि मामांकडे गेला. मामांनाही पक्षी ओळखता येईना. त्यांनी चिठ्ठी देऊन त्याला बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीचे सचिव मिलर्ड यांच्याकडे पाठवले. मिलर्ड साहेबांनी पक्षी ओळखला, ती पिवळ्या गळ्याची रानचिमणी निघाली. मग त्यांनी कपाटे उघडून जतन केलेले शेकडो पक्षी त्या मुलाला दाखवले. तिथून पुढची वाट आपल्याला माहीत आहे. १९४१ साली भारतीय पक्ष्यांवरचे त्यांचे प्रसिद्ध पुस्तक आले, डिलन रिप्ले यांच्यासह दहा खंडांचा ग्रंथ झाला, पद्मविभूषण मिळाले, ते राज्यसभेवर नियुक्त झाले. आत्मचरित्राला त्यांनी त्या चिमणीचेच नाव दिले. मध्ये नोकरी नसताना ते अलिबागजवळ किहीमला राहिले आणि तिथे सुगरणीच्या घरट्यांचा त्यांनी केलेला अभ्यास गाजला. रायगडच्या वाचकांना हे आपल्या अंगणातले वाटावे.

ही गोष्ट सांगताना बहुतेक लोक बंदुकीवर आणि पिवळ्या डागावर भर देतात. आम्हाला मात्र मधला प्रश्न मोठा वाटतो. एक लहान मूल हातातल्या घासापाशी थांबते आणि विचारते, हे माझ्या हक्काचे आहे का? धर्माने शिकवलेल्या एका साध्या सवयीतून या देशातला पक्ष्यांचा सर्वांत मोठा जाणकार घडला. आपल्या पाठ्यपुस्तकांत ही बाजू सहसा येत नाही. घरात तरी यावी.

भरती चढू लागली तसे आम्ही होडीत बसलो. होडी खाडीच्या आत शिरते ती भरतीलाच. ओहोटीला आतल्या चिंचोळ्या वाटांत पाणी उरत नाही. दोन्ही बाजूंनी कांदळाच्या कमानी. रातबगळे दिवसा झोपेत होते, फांदीवर मान आत ओढून बसलेले. एक खंड्या आमच्या पुढे-पुढे फांदी बदलत गेला. निळी पाठ, पांढरे पोट आणि पांढरा गळपट्टा असलेला हा खंड्या कांदळवनातला, गावच्या विहिरीवर दिसतो तो वेगळा. पाणकावळे पंख वाळत घालून बसले होते. वर तांबड्या पाठीची, पांढऱ्या डोक्याची घार फिरत होती. मगर आम्हाला दिसली नाही. नावाडी म्हणाला, थंडीत सकाळी ऊन खायला त्या चिखलावर येतात, आता भरतीत कुठल्या दिसायला! पाणमांजराच्या पावलांचे ठसे तेवढे त्याने दाखवले. मुले जरा हिरमुसली, पण प्राणिसंग्रहालय आणि रान यांतला फरक त्यांना असा कळलेला बरा.

दुपारी अभयारण्य सोडून आम्ही गावाच्या अंगाला चालत गेलो. चोडणचे खरे दर्शन तिथे होते, असे आमचे मत झाले. पर्यटक मात्र होडीतून उतरून थेट फेरीकडे वळतात.

बेटाचा सखल भाग म्हणजे खाजण. आपल्याकडे रायगड-रत्नागिरीत ज्याला खार किंवा खारजमीन म्हणतात, तेच हे. भरतीच्या पातळीपेक्षा खाली असलेली जमीन बांध घालून समुद्राकडून मागून घेतलेली. गोव्यात अशी जमीन सुमारे १८ हजार हेक्टर सांगतात, आणि ही विद्या पोर्तुगीज येण्याच्या कित्येक शतके आधीची आहे. बांध चिखलाचा, त्यात गवत-पेंढा तुडवलेला, कुठे जांभ्या दगडाची पिचण. बांधाच्या बाहेरच्या अंगाला कांदळ राखलेला असतो, म्हणजे लाटेचा मार आधी त्याने सोसावा. बांधाला ठरावीक ठिकाणी दार असते. त्याला मानस म्हणतात. या दाराची करामत अशी की भरतीचे पाणी बाहेरून दाबते तेव्हा ते आपोआप मिटते आणि ओहोटीला आतले पाणी ढकलते तेव्हा आपोआप उघडते. ना इंजिन, ना वीज, ना चोवीस तास राखण करणारा माणूस. पावसाळ्यात मुसळधार पाणी जमिनीतले मीठ धुऊन नेते, मग खाऱ्या मातीलाही दाद देणारे कोरगुट नावाचे भात पेरतात. भात कापल्यावर दारातून थोडे खारे पाणी आत घेतात, त्याबरोबर मासळी आणि कोळंबी येते. दाराच्या आतल्या बाजूला पाणी साठते तो डोह म्हणजे पोंय. ओहोटीला दाराशी जाळे लावले की ती मासळी मिळते. हा मासेमारीचा हक्क लिलावाने दिला जातो. लिलावाच्या पैशातला काही भाग बांधाच्या डागडुजीला, अशी जुनी व्यवस्था. भात, मासे आणि बांध एकमेकांना पोसत होते.

बांधावर एक वयस्क शेतकरी गवत कापत होते. आम्ही सलाम-नमस्कार करून चौकशी केली. काका कोकणीत बोलत होते, पण आम्हाला कळेल असे सावकाश. समोर दोन खाचरे शेजारी-शेजारी होती. एकात कापणीनंतरचा धसकट आणि त्यात टिपायला आलेले बगळे. दुसऱ्यात पुरुषभर उंचीचे तिवर. "हेही शेतच होते," ते म्हणाले. "बांध फुटला, वेळेवर कोणी बांधला नाही. खारे पाणी एकदा बसले की किती पावसाळे जातात ते विचारू नका. मग कांदळ आला. आता तो तोडायचा म्हटले तर कायदा आडवा येतो."

फुटतो कशाने? याची उत्तरे एकाहून अधिक आहेत. मांडवी हा लोहखनिज वाहून नेणाऱ्या बार्जांचा मोठा मार्ग, त्यांच्या लाटांनी बांध पोखरले जातात ही नदीकाठच्या गावांची जुनी तक्रार. पूर्वी गावकरी किंवा कोमुनिदाद ही गावसंस्था बांधाची जबाबदारी घेई. १९६४ च्या कूळ कायद्यानंतर ती जबाबदारी कुळांच्या संघटनांकडे गेली, काही ठिकाणी नीट चालली, काही ठिकाणी नाही. तरुण नोकरीला गेले, परदेशी गेले, शेत पडीक राहिले. ज्याचे शेत पडीक, त्याला बांधाची काय पडलेली? आणि एक कारण काका जरा हलक्या आवाजात म्हणाले. भातापेक्षा मासळीला भाव. ज्याच्याकडे दाराचा लिलाव आहे त्याने दार थोडे जास्त वेळ उघडे ठेवले, एखाद्या उधाणाला मुद्दाम मिटू दिले नाही, तर जाळे भरते. शेते खारट होतात ती इतरांची. खाजणात भात आणि मासळीचा हा झगडा गोवाभर ठाऊक आहे, चोडणपुरता नाही.

अम्मी मध्येच म्हणाल्या, "म्हणजे एकाच्या हंडीसाठी दहा जणांची चूल विझवायची." काका हसले, पण उत्तर दिले नाही.

इथे आम्हाला मुंबईतला तो चिमणीवाला मुलगा पुन्हा आठवला. त्याने विचारलेला प्रश्न दाराशी जाळे लावणाऱ्यानेही स्वतःला विचारायचा असतो. मासा हलाल आहे, यात वाद नाही. पण शेजाऱ्याच्या शेतात खारे पाणी सोडून धरलेल्या माशाचे काय? आपल्याकडे हलाल-हरामची चर्चा बहुधा ताटातल्या वस्तूपाशी थांबते. ती वस्तू ताटात कोणत्या वाटेने आली, तिथपर्यंत क्वचित जाते. शेजाऱ्याच्या हक्काबद्दल आपल्याला जे शिकवले गेले आहे ते पाहता ही चर्चा बांधापर्यंत जायला हवी.

कांदळाने गिळलेल्या शेताबद्दल मात्र आमचे मत चटकन ठरेना. पक्षीप्रेमी म्हणतील, वाढू द्या, पक्ष्यांना घर मिळाले. शेतकरी म्हणेल, माझे घर गेले त्याचे काय? आम्ही जे पाहिले ते एवढेच: त्या दुपारी सर्वांत जास्त बगळे दाट कांदळात नव्हते, कापलेल्या भातशेतीत होते. उथळ पाणी, सांडलेले दाणे, किडे, बारीक मासे. दाट झाडीत बगळा निजतो, पण जेवायला शेतात येतो. प्रेषित मुहम्मद (स.) यांची एक प्रसिद्ध हदीस आहे, की कोणी झाड लावले किंवा पेरणी केली आणि त्यातून माणसाने, पक्ष्याने किंवा जनावराने खाल्ले, तर ते त्याच्यासाठी सदका ठरते. काकांना ती सांगितली तेव्हा त्यांनी विळा खाली ठेवला आणि म्हणाले, "मग माझ्या खात्यावर बरेच जमले असेल." सरकारने अभयारण्याची हद्द १.७८ चौरस किलोमीटरवर आखली आहे. पण त्या हद्दीबाहेरची, कोणत्याही फलकावर नसलेली ही खाचरे टिकली नाहीत तर आतल्या पक्ष्यांची पंगत कुठे बसणार, हा प्रश्न राहतोच.

जुहरची नमाज आम्ही बांधालगतच्या आंब्याखाली चटई टाकून अदा केली. वजूसाठी मुले पाण्याकडे निघाली आणि धाकट्याने विचारले, खाऱ्या पाण्याने वजू होतो का? होतो. समुद्राच्या पाण्याबद्दल असाच प्रश्न प्रेषितांना (स.) विचारला गेला होता आणि ते पाणी पाक असल्याचे त्यांनी सांगितले होते. तरी पाय चिखलात रुततात आणि मगरींच्या खाडीत मुलांनी एकटे वाकणे बरे नव्हे, म्हणून शेवटी बाटलीतलेच पाणी वापरले.

जाणाऱ्यांसाठी थोडे व्यवहाराचे. नोव्हेंबर ते फेब्रुवारी हा काळ चांगला. पाहुणे पक्षी तेव्हाच येतात. सकाळी लवकर पोहोचा. पायवाटेने चिखलावरचे पक्षी पाहायचे तर ओहोटी हवी, होडीने आत जायचे तर भरती. एकाच फेरीत दोन्ही साधायचे तर पाणी चढायच्या आधी तासभर पोहोचावे. भरतीची वेळ रोज साधारण पन्नास मिनिटांनी पुढे सरकते. ज्या घरात हिजरी तारीख पाहिली जाते त्या घराला याचा अंदाज सोपा: चांद दिसल्यानंतरचे पहिले दोन-तीन दिवस आणि चौदावी-पंधरावीच्या आसपास उधाण, सातवी-आठवी आणि बाविसावीच्या सुमारास भांग. उधाणाला पाणी खूप चढते आणि खूप उतरतेही, म्हणून पक्षी आणि होडी दोन्हींसाठी ते दिवस सरस.

पूर्ण बाह्यांचे कपडे घाला, डास आहेत. भडक रंग टाळा. दुर्बीण असली तर न्या, मुलांत भांडण होणार हे गृहीत धरून. जेवण घरून नेलेले बरे आणि उष्टे-खरकटे परत आणलेले त्याहून बरे. बेटावर वाळूचा किनारा नाही, भोवती चिखल आणि कांदळ. मुलांना वाळू हवीच असेल तर परतताना मांडवीच्या मुखाशी मिरामार आहे. फोंड्याच्या वाटेने येणाऱ्यांनी सफा मशीद जरूर पाहावी. आदिलशाही काळातली, १५६० च्या सुमाराची ही मशीद आणि तिचा दगडी पायऱ्यांचा तलाव पुरातत्त्व खात्याच्या देखरेखीखाली आहे.

आणि गोव्याच्या बाजारात कोरगुट तांदूळ मिळाला तर थोडा घ्या. दाणा जाड, रंग लालसर. बिर्याणीला तो उपयोगाचा नाही. जास्त पाणी घालून पेज करावी, सोबत सुक्या बांगड्याची चटणी.